जॅकवेलवरचा शिरपती

आमच्या गावात शिरपती कुठं राहतो असं विचारलं असतं, तर लोकांनी मान हलवली असती. गजाबा म्हटलं की मात्र शेंबडी पोरंसुद्धा नदीकडं बोट करायची. बोट करायची आणि घरात पळायची.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, साताऱ्याहून सांगलीला जाताना लागतं. नदीच्या पात्रात कडेला एक गोल, उंच दगडी विहीर बांधलेली आहे. तिला जॅकवेल म्हणतात. नदीचं पाणी तिच्यात येतं, मोटार ते उपसते आणि मैलभर लांबच्या टेकडीवर टाकीत चढवते. तिथं पाणी गाळून, औषध घालून गावाला सोडतात. त्या जॅकवेलवर शिरपती पंप ऑपरेटर होता.

मी फौजेतून सुटून आलो तो एकाहत्तरच्या लढाईनंतर. फौजेत माझी सगळी नोकरी इंजिनं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळं नगरपालिकेनं मला पाणीपुरवठ्यात, जॅकवेलच्या मोटारीवर घेतलं. ओव्हरसियरनं हुकूम हातात देताना विचारलं, "लढाईत जखमी माणसं बघितलीत ना तुम्ही?"

"बघितलीत की."

"मग जमेल," तो म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला.

मी मळ्यांतल्या वाटेनं नदीवर गेलो. पंपाच्या खोलीबाहेर एक माणूस पाठमोरा बसून तेलाची झारी पुसत होता. पांढराशुभ्र सदरा, धोतर, डोक्यावरून पांढरं उपरणं. माझी चाहूल लागली तसा तो उठला, माझ्याकडं वळला आणि त्यानं उपरणं काढून खांद्यावर टाकलं.

कपाळापासून सुटलेलं मांस डाव्या बाजूनं खाली लोंबत आलं होतं, भिजलेल्या घोंगडीसारखं, घड्यांवर घड्या, थेट छातीपर्यंत. डावा डोळा त्यात कुठंतरी बुडून गेलेला. कान मानेपाशी ओघळलेला. नाक त्या ओढीनं वाकडं आणि लांब झालेलं. डावा हात खांद्यापासून मांडीएवढा जाड, आणि त्याला मुळांसारखी वाकडी बोटं. फाटलेली, भाजलेली तोंडं मी पाहिली होती. पण ती माणसं मुळात आपल्यासारखी होती, हे ठाऊक असायचं. इथं तसं काही नव्हतं. मी खाली बघितलं.

"खाली बघू नका, सुभेदार," तो म्हणाला. "एकदा पोटभर बघून घ्या. कायबी घाई न्हाई. मग कामाचं बोलू."

मला पहिला धक्का त्या चेहऱ्याचा बसला होता. दुसरा त्या आवाजाचा बसला. भरदार, स्वच्छ आवाज. एकेक शब्द सुटा सुटा यायचा.

"मी सुभेदार नाही, नाईक म्हणून सुटलोय," मी म्हणालो.

"असू द्या. मला लोकांनी देव केलं हुतं. तुमी सुभेदार झालासा तर कुनाचं काय जातंय?"

हे देव प्रकरण मला पुढं कळलं. त्या दिवशी मी नुसता हसलो आणि त्यानं सांगितल्याप्रमाणं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. बघताना लक्षात आलं की उजवी बाजू देखणी होती. सरळ भुवई, पाणीदार डोळा आणि खाली बारीक कोरलेली अर्धी मिशी.

त्या मिशीची तो फार निगा राखायचा. रविवारी सकाळी जॅकवेलच्या कठड्यावर बसून दाढी करायचा. त्याचा आरसा हातभर लांब आणि चार बोटं रुंद होता. कुठल्याशा कपाटाच्या काचेचा तुकडा असावा. तो अशा बेतानं धरायचा की त्यात उजवाच गाल दिसावा. दाढी झाली की मिशीला पीळ द्यायचा आणि मला विचारायचा, "आता कसा दिसतोय?" मी म्हणायचो, "झकास." तो आवाज न करता हसायचा. त्याच्या हसण्यात नुसते खांदे हलायचे.

त्याला जेवताना मी कधी पाहिलं नाही. भाकरीचं फडकं घेऊन तो विहिरीच्या पलीकडच्या अंगाला जायचा, नदीकडं तोंड करून बसायचा. सुरुवातीला मी एकदा बोलावलं, "अण्णा, या की, दोघं मिळून खाऊ." तो म्हणाला, "माझं निम्मं सांडतंय. तुमचं जेवान कशाला घालवू?" पुन्हा मी विचारलं नाही. कपडे तो स्वतः शिवायचा. सदऱ्याची डावी बाही दंडापासून फाडून तिला दुसऱ्या कापडाची पट्टी जोडायची, गळा एका बाजूनं मोठा ठेवायचा, असं त्याचं स्वतःचं माप होतं. गावातल्या शिंप्यानं एकदा माप घ्यायला नकार दिला होता म्हणे. शिरपतीनं मला ते सांगितलं ते रागानं नाही, शिवण शिकण्याचं निमित्त म्हणून.

राहायलाही तो तिथंच होता, पंपाच्या मागच्या खोलीत. गावात तो जात नसे. वाण्याकडचं सामान, रॉकेल, वर्तमानपत्र मी न्यायचो. गावात गरोदर बायांनी त्याला बघू नये असा समज होता, आणि कोणती बाई गरोदर आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्याच गावानं त्याला बघू नये असं ठरल्यासारखं झालं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला माहीत नाही. त्यानंही ते मान्य केलेलं होतं. मळ्यातून कुणी बाई वैरणीचा भारा घेऊन येताना दिसली की तो उपरणं ओढून भिंतीकडं वळायचा आणि ती लांब जाईपर्यंत तसाच उभा राहायचा.

एवढ्या एकटेपणात माझ्याखेरीज त्याला रोज बोलायला मिळायचं ते एका माणसाशी, आणि ते टेलिफोनवर.

मोटारीच्या खोलीला लागून एक बारकी खोली होती. तिच्यात हँडल फिरवायचा जुना फोन होता. त्याची तार थेट टेकडीवर गेलेली. टाकी भरत आली की तिकडून घंटी यायची, मग इकडं मोटार बंद करायची. तो फोन गावात दुसरीकडं कुठंही लागत नसे. टेकडीवर आक्काताई होत्या. त्यांचे यजमान तिथं कामाला असताना वारले, आणि त्यांच्या जागी नगरपालिकेनं आक्काताईंना घेतलं. पदरात एक मुलगी, मंगल. दिवसभर त्या टाकीपाशी असायच्या.

त्यांचं बोलणं आधी कामापुरतं असणार. मी गेलो तेव्हा ते कामापुरतं राहिलेलं नव्हतं.

"टाकी भरली का?" शिरपती विचारायचा.

"अजून हातभर हाय. आज भाजी काय केली?"

"वांगं."

"परवा बी वांगंच हुतं."

"मळेकऱ्यानं पाटीभर दिल्यात. संपवाय नगंत?"

मग मंगलची शाळा, टेकडीवर आलेला साप, सांगलीच्या रेडिओवर ऐकलेला हवामानाचा अंदाज, कुणाच्या उसाला कधी तोड मिळाली, असं चालायचं. त्या त्याला शिरपतराव म्हणायच्या. दुसरं कुणी त्याला त्या नावानं हाक मारत नव्हतं. बोलताना त्याचा उजवा हात रिसिव्हरवर असायचा आणि डोळा बंद. बाहेर बसलेल्या माणसाला वाटलं असतं, आत कुणी देखणा, सुखवस्तू संसारी गडी बायकोशी बोलतोय. पण बोलता बोलता टाकी कधी भरून वाहिली नाही. आक्काताईंनी "करा बंद" म्हटलं की वाक्य अर्धं टाकून तो उठायचा.

दोघं एकमेकांना भेटलेले नव्हते. मैलभराचं अंतर, पण नाही. एकदा मी सहज म्हणालो, "अण्णा, एवढं बोलता, एकदा टेकडीवर जाऊन या की."

"त्यांनी बी म्हटलं हुतं," तो म्हणाला. "पर हितनं बरं पडतंय."

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. पावसानं आधीच दोन वर्षं तोंड फिरवलं होतं. पूर्वेकडची माणसं, आटपाडी-खानापूरकडची, गुरं घेऊन नदीकाठी उतरली. आमच्या जॅकवेलच्या वर, बाभळींखाली त्यांच्या राहुट्या पडल्या. बाया पाण्याला यायच्या. नदी आटून डबकी झालेली, म्हणून शिरपती त्यांना पंपाच्या नळाचं पाणी द्यायचा. उपरणं पक्कं गुंडाळून, पाठ करून उभा राहायचा आणि नळ सोडायचा.

त्यांच्यात एक म्हातारी धनगरीण होती. ती एक दिवस घागर भरून गेलीच नाही. शिरपतीच्या डाव्या हाताकडं बघत उभी राहिली. मग पुढं झाली आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"गजाबा," ती म्हणाली. "माझा गजाबा. कुठं हुतास एवढी वर्सं?"

शिरपती मागं सरला. भिंतीला टेकला. मी पहिल्यांदाच त्याला घाबरलेला बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नारळ होते. हळद-कुंकू वाहिलेलं होतं. पंधरा-वीस माणसं उन्हात बसली होती, बाप्ये, बाया, कडेवर पोरं. म्हातारी पुढं. कुणी काही मागत नव्हतं, गोंधळ नव्हता. नुसती बसली होती. त्यांच्या मागं एक गाय पडली होती, ती उठत नव्हती.

शिरपती खोलीतून बाहेर आला. त्यानं उपरणं काढलं. त्यांच्यातली दोन-तीन पोरं रडायला लागली, पण माणसं हलली नाहीत.

"आई, उठा," तो म्हातारीला म्हणाला. "मी देव न्हाई. मी नगरपालिकेच्या पगारावरचा मानूस हाय."

"पाऊस पाड बाबा," म्हातारी म्हणाली.

"माझ्या हातात हाय का ते? मी देव हुतो तवा बी दुष्काळ पडला हुता की. तवा पडला का पाऊस?"

म्हातारीनं जरा विचार केला.

"तवा तू ल्हान हुतास," ती म्हणाली.

शिरपतीनं त्या पडलेल्या गायीकडं बघितलं. मग आत गेला, मोटार सुरू केली आणि मोठ्या नळाला पाईप जोडून त्या गायीपर्यंत ओढत नेला. तिच्या अंगावर पाणी सोडलं. तिचं तोंड उजव्या हातानं वर धरून पाणी पाजलं. माणसं बघत राहिली. गाय संध्याकाळपर्यंत उठली. त्यामुळं झालं असं की, दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली.

शेवटी ओव्हरसियरनं येऊन त्यांची वस्ती आणखी वरच्या अंगाला हलवली. ती निघाली तेव्हा म्हातारीनं लांबूनच जॅकवेलला हात जोडले. शिरपती आत बसला होता. त्या दुपारी त्यानं मला सगळं सांगितलं. तो सांगत होता आणि हातानं नारळाच्या शेंड्या सोलून बाजूला ठेवत होता.

जन्मला तेव्हा त्याच्या नाकापाशी नुसती बोटभर मांसाची लोळी होती. सोंडेसारखी. बापानं गणपती जन्मला म्हणून गावभर सांगितलं, गजाबा नाव दिलं. घरापुढं चौथरा बांधला. तान्हं पोर त्याच्यावर ठेवलं. चतुर्थीला लांबून लांबून माणसं यायची.

"लय छान दिसत असंल," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"मला काय ठावं?" तो म्हणाला. "मला खाली उतराय बंदी हुती. पोरं विटीदांडू खेळायची, मी चौथऱ्यावर. देवाला मांडीवर घ्यायचं नसतंय, म्हनून आई बी दिवसा घ्यायची न्हाई. लोक निघून गेलं, दिवा लागला, की मग घ्यायची. मी दिवसभर दिवा लागायची वाट बघायचो."

पोर वाढलं तसं मांसही वाढलं. सोंड राहिली नाही, ते एका बाजूला ओघळायला लागलं. डोळा झाकला. वास यायला लागला. त्याच सुमाराला कुणाचं तरी आजारी मूल त्याच्या पायावर घालून नेलं आणि ते वाटेतच गेलं. माणसं यायची थांबली. चौथरा रिकामा झाला, त्याच्यावर बाप शेणी वाळत घालायला लागला. मग जत्रेतल्या एका तंबूवाल्याला बापानं त्याला देऊन टाकलं. तंबूवाल्यानं नाव तेच ठेवलं, गजाबा. बाहेर मोठं रंगीत चित्र लावायचा. हत्तीचं तोंड, खाली माणसाचं अंग, हातात साखळदंड.

"चित्र माझ्यापरास भारी हुतं," शिरपती म्हणाला. "तिकीट काढून लोक आत यायचे, मला बघायचे आन् म्हनायचे, एवढंच व्हय?"

त्याचे खांदे हलले. मी हसलो नाही.

म्हसवडच्या जत्रेत एके वर्षी आई आली. मालक कुणाला त्याच्याशी बोलू देत नसे, रांगेनं यायचं आणि पुढं सरकायचं. आईनं तिकीट काढलं. रांगेतून आली, त्याच्यापुढं थांबली, मागच्यांनी ढकललं तशी पुढं गेली. त्याला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं ती पुन्हा रांगेत दिसली. पुन्हा आली, पुन्हा गेली. दिवस मावळेपर्यंत ती तेच करत होती. शेवटच्या खेपेला गर्दी पातळ झाली होती.

"तवा म्हनली, जेवलास का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"व्हय म्हनलं."

त्यानंतर ती दर वर्षी म्हसवडला यायची. एक वर्ष आली नाही. तो वाट बघत राहिला, जत्रा उठली, तंबू गुंडाळला. तेव्हा त्यानं मालकाला सांगितलं, मी जातो. मालक वाईट नव्हता, वाचायला आणि हिशेब करायला त्यानंच शिकवलं होतं; त्यानं अडवलं नाही. शिरपती चालत गावी गेला. आई पावसाळ्यातच गेली होती. भावांनी त्याला गोठ्याच्या दारात भाकरी दिली आणि आत या असं म्हटलं नाही. तिथून तो नदी धरून चालत आमच्या गावाला आला. जुन्या ओव्हरसियरला विहिरीवर राहायला कुणी माणूस मिळत नव्हता. अशी ती नोकरी.

बोलणं झाल्यावर त्यानं सोललेले नारळ माझ्या पिशवीत भरले. "लेकरांस्नी वड्या करा म्हनावं वहिनीस्नी," तो म्हणाला. आमच्या घरी आठवडाभर वड्या होत्या.

पुढं दोन-तीन वर्षांनी मंगलचं लग्न ठरलं. मुलगा इस्लामपूरकडचा, साखर कारखान्यात कामाला. आक्काताईंनी फोनवर तारीख सांगितली आणि नुसतं फोनवरचं आमंत्रण नको म्हणून माझ्यामार्फत अक्षता पाठवल्या.

"त्यास्नी सांगा," त्या मला म्हणाल्या, "पोरगी त्यांच्याशी बोलत बोलत मोठी झाली. गणितं फोनवर विचारायची. ते आलं न्हाईत तर तिला बी बरं वाटायचं न्हाई, मला बी."

अक्षता हातात घेऊन शिरपती बराच वेळ बसला. लग्नाची अक्षता त्याला पहिल्यांदाच आली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सुभेदार, मिरजेला दवाखान्यात माझ्यासंगट येतासा का?"

मिरजेला हे काढता येतं, हे त्याला पूर्वीपासून ठाऊक होतं. मी त्याला कारण विचारलं.

"कार्य हाय. बाया असत्यात, पोरं असत्यात. माझ्यापायी कुनी दचकाय नगं. थोडं हलकं झालं तर बरं."

एसटीत मागच्या बाकावर तो खिडकीशी आणि मी त्याच्या शेजारी बसलो. आमच्या पुढचा बाक मिरजेपर्यंत रिकामा राहिला, माणसं उभी होती तरी. दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर, शांत होते. त्यांनी त्याला तासभर तपासलं. शिकणारी पोरंपोरी भोवती उभी होती, त्यांना शिरपती म्हणाला, "सावकाश बघा, मला सवय हाय." एका मुलीनं विचारलं, "दुखतं का तुम्हाला?" "मानेत दुखतंय," तो म्हणाला. "वज्यानं."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. सगळं काढता येणार नाही, रक्त फार जाईल, जिवाला धोका आहे. आणि ओठ हलवणाऱ्या शिरा याच मांसातून गेल्यात. त्या तुटल्या तर तोंड एका बाजूला पडेल, बोलणं जाईल किंवा बिघडेल. "विचार करून या," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी म्हणालो, "अण्णा, बोलणं गेलं तर?"

"बोलून बोलून मी बोलतोय काय?" तो म्हणाला. "वांग्याची भाजी. न्हाई बोललो तर चाललंय."

मला तेव्हाच कळलं होतं की ते खरं नाही. पण निर्णय त्याचा होता.

दोन महिने तो मिरजेला होता. त्या काळात फोन मी उचलायचो. आक्काताई रोज विचारायच्या, मी जेवढं कळलं तेवढं सांगायचो. लग्नाच्या आठ दिवस आधी मी त्याला घेऊन आलो. छातीपर्यंत लोंबणारं मांस आता हनुवटीपाशी थांबलं होतं. डावा डोळा मोकळा झाला होता. त्याला त्यातून दिसत नव्हतं, पण तो होता. मान सरळ झाली होती. आणि तोंड डावीकडं खाली पडलं होतं. बोलायला गेला की लाळ यायची आणि शब्द एकमेकांत मिसळून जायचे. तो "सुभेदार" म्हणाला ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

लग्नाला तो आला. नवा सदरा, नवं उपरणं, मिशीला पीळ. मांडवात बघणाऱ्यांनी बघितलं, पण कुणी उठून गेलं नाही, पोरं रडली नाहीत. ज्यासाठी त्यानं जीव धोक्यात घातला होता ते झालं होतं. अक्षता टाकून झाल्यावर आक्काताई गर्दीतून वाट काढत आमच्याकडं आल्या. लहानखुऱ्या, कपाळावर गोंदण, दिवसभराच्या धावपळीनं दमलेल्या.

"आलासा," त्या म्हणाल्या. "शिरपतराव, आलासा."

त्यानं मान हलवली. त्या थांबल्या. त्याच्या तोंडाकडं बघत वाट बघत राहिल्या, आता बोलेल म्हणून. तो काहीतरी बोलला. त्यांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मीही नीट ऐकलं नव्हतं. तेवढ्यात वरपक्षाकडून कुणी हाक मारली, आणि त्या "जेवल्याबिगर जाऊ नका" म्हणत वळल्या. जाताना दोनदा मागं बघितलं. पंगत बसली तेव्हा शिरपती मांडवात नव्हता.

त्यानंतर त्यानं फोनवर तोंड उघडलं नाही. मी नसलो आणि घंटी आली, तर तो रिसिव्हर उचलायचा, नखानं दोनदा वाजवायचा आणि मोटार बंद करायला जायचा. मी असलो की मला खूण करायचा. आक्काताई म्हणायच्या, "द्या की त्यांच्याकडं, मी बोलती, त्यांनी नुसतं ऐकावं." मी रिसिव्हर पुढं करायचो. तो बाहेर निघून जायचा.

एका दुपारी त्या स्वतः आल्या. मळ्याच्या वाटेवर त्यांची हिरवी साडी लांबून दिसली, तसा शिरपती उठला आणि जॅकवेलच्या आत, लोखंडी जिन्यानं खाली उतरून गेला. आक्काताई पायरीवर बसल्या. मंगल बरी आहे, सासूशी जमतं, असं मला सांगत राहिल्या, पण जरा मोठ्यानं. त्यांनी लाडवांचा डबा आणला होता. तासाभरानं उठल्या, विहिरीच्या तोंडाशी गेल्या आणि खाली वाकल्या.

"शिरपतराव, मी जाती आता."

खाली पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. डबा पायरीवरच ठेवून त्या गेल्या.

तो वर आल्यावर मी रागावलो. असं वागणं बरं नव्हे म्हणालो. एव्हाना त्याचं बोलणं मला समजायला लागलं होतं. तो एकेक शब्द ढकलत म्हणाला, "त्यांच्याजवळ... माझा आवाज हाय... त्यो ऱ्हाऊ द्या... हाय तसा."

मग सातारच्या कारखान्यांच्या वसाहतीत मला नोकरी मिळाली. जादा पगार होता, मुलांच्या शाळा होत्या. मी निघालो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्यानं नदीपलीकडच्या मळ्यातून आणलेल्या शेंगांची पिशवी दिली आणि मला सलाम ठोकला, फौजी पद्धतीनं, उजव्या हातानं.

दीड-दोन वर्षांनी भावाच्या जमिनीच्या कामासाठी मी गावी आलो होतो. कचेरीतलं काम लवकर आटोपलं, साताऱ्याच्या गाडीला वेळ होता, म्हणून नदीवर गेलो. मोटार चालू होती, त्यामुळं माझी चाहूल कुणाला लागली नाही. पंपाच्या खोलीत तो नव्हता. फोनच्या खोलीची खिडकी उघडी होती. शिरपती स्टुलावर बसला होता, पुढं वर्तमानपत्र. उजव्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं तोंडाची पडलेली बाजू वर उचलून धरली होती आणि मोठ्यानं वाचत होता. बाजारभाव वाचत होता. गूळ, हळद, शेंग. एक शब्द नीट आला नाही की पुन्हा म्हणायचा, पुन्हा, पुन्हा, मग पुढच्या शब्दाकडं जायचा. मोटारीच्या आवाजात ते कुणालाच ऐकू जाणार नव्हतं. मी खिडकीशी होतो म्हणून मला आलं. किती दिवसांपासून तो हे करत होता, कुणास ठाऊक. हळद त्याला चांगलं जमत होतं.

मी हाक मारणार तेवढ्यात घंटी वाजली.

त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. रिसिव्हर उचलून जाड डाव्या हाताच्या बेचक्यात धरला, कानाशी नेला. मी नखाच्या आवाजाची वाट बघत होतो. त्यानं अंगठा पुन्हा तोंडाच्या कडेला लावला. एक श्वास घेतला.

"व्हय," तो म्हणाला. "मी... शिरपती."

पूर्वीचा आवाज तो नव्हता. पण कुणालाही समजला असता.

मग तो ऐकत राहिला. पलीकडून काय बोलणं चाललं होतं ते मला कळत नव्हतं. त्यानं डोळे मिटले होते, दोन्ही. मी खिडकीपासून मागं सरलो आणि मळ्याच्या वाटेला लागलो. टेकडी समोर दिसत होती. निम्म्या वाटेत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मोटार अजून चालूच आहे. टाकी केव्हाच भरली असणार. मी वर बघितलं, तर टाकीच्या कडेवरून पाणी सांडत होतं आणि उन्हात टेकडीच्या अंगानं खाली येत होतं.